काचेच्या कपाटातील भातुकली

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत उभे राहून बोलावे अशी माझी योग्यता नाही. मी वक्ती नव्हे, विदुषी तर नव्हेच. परंतु मंडळाच्या वस्तूंची देखभाल माझ्याकडे आहे, आणि गेला महिनाभर मला येता-जाता दोन प्रश्न विचारले जात आहेत. पहिला, एका काचेच्या कपाटावर एवढा खर्च कशाला केला? आणि दुसरा, खर्च करून कपाट आणले, तर त्यात दिवा एवढा मंद का लावला? एक भगिनी तर मला म्हणाल्या, "अहो, नवरी नटवली आणि माजघरात नेऊन बसवली, असे झाले हे!" वाक्य मला आवडले. पण उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखे नाही, म्हणून आज अध्यक्षीणबाईंची परवानगी घेऊन ते सविस्तर देते.

आपल्या कपाटात काय आहे हे बहुतेकींना ठाऊक आहे. नव्या सभासदांसाठी सांगते. वरच्या फळीवर पितळेची भातुकली आहे: बंब, घंगाळ, परात, तांब्या, चिमटा, रवी आणि अंगठ्याएवढा अडकित्ता. मधल्या फळीवर आपल्याच भगिनींनी केलेले खान्देशी घर आहे. त्यात जाते आहे, उखळ-मुसळ आहे, सूप आहे, चुलीवर उपडे घातलेले मांड्यांचे खापर आहे, आणि अंगणात भरिताची वांगी भाजायला कपाशीच्या काड्यांचा ढीग आहे. परसात केळीची चार झाडे आहेत. यावल-रावेरच्या पट्ट्यातले घर केळीवाचून पुरे कसे होणार? खालच्या फळीवर सावंतवाडीची लाखकाम केलेली लाकडी फळे आहेत, शिशाची एक बैलजोडी आहे, आणि बांबूच्या काड्यांची एक कमान आहे.

त्या कमानीविषयी थोडे सांगितले पाहिजे. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या या फैजपुरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू, आणि ते अधिवेशन येथे व्हावे म्हणून झटणाऱ्यांत धनाजी नाना चौधरी अग्रभागी होते. नगर उभारण्यासाठी आणि सजवण्यासाठी गांधीजींनी शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस यांना बोलावले. त्यांनी शहरातून झुंबरे आणि रंगीत कापडे मागवली नाहीत. जे खेड्यात मिळते, बांबू, गवत, माती, त्यातूनच त्यांनी शोभा निर्माण केली. आपल्या मुलींनी जुन्या छायाचित्रांवरून जी वीतभर कमान बांधली आहे, ती त्या दिवसांची आठवण. तिच्यावरून मी एक धडा घेतला. वस्तू मांडायची तर अगोदर वस्तूचा धर्म ओळखावा, मग तिची शोभा करावी. हा धडा मी फार उशिरा घेतला, हेही कबूल करते.

कारण हे आपले पहिले कपाट नव्हे. सहा वर्षांपूर्वी एक कपाट मी स्वतः पसंत करून आणले होते. नव्या प्लायवूडचे, आतून तेलरंग दिलेले, पाठीला आरसा लावलेले. रंगाचा वास अजून गेला नव्हता, तरी हौसेपोटी त्याच दिवशी सगळ्या वस्तू आत मांडून दार लावून टाकले. कपाट ठेवले पश्चिमेच्या खिडकीसमोर, कारण तेथे "उजेड छान येतो". आणि संध्याकाळसाठी आत साठ वॅटचे दोन साधे दिवे बसवले. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांनी वाहवा केली. मीही फुगून गेले.

मे महिन्यात, आपल्याकडचा मे कसा असतो ते काय सांगू, सावंतवाडीचे सीताफळ उचलायला गेले तर ते खालच्या कापडाला चिकटून बसलेले. लाख मऊ झाली होती. साधा दिवा जेवढी वीज घेतो, त्यातल्या शंभरातल्या नव्वदांहून अधिक भागाची उष्णताच होते, उजेड थोडासा. बंद काचेच्या पेटीत दोन दिवे म्हणजे लहानशी भट्टीच. पावसाळा संपता संपता शिशाच्या बैलांवर पांढरी भुकटी दिसू लागली. मला वाटले, बुरशी असेल. ती बुरशी नव्हती. प्लायवूडच्या गोंदातून आणि ताज्या रंगातून जी आंबूस वाफ निघते ती बंद कपाटात कोंडते आणि शिसे खाऊ लागते. ती भुकटी विषारी असते. मी ती पदराने पुसली होती! असे कुणी करू नका. शिशाच्या वस्तूला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि मुलांच्या हाती ती वस्तू मुळीच देऊ नये.

पण खरे नुकसान तिसरेच झाले. आपल्यातल्या एका वयोवृद्ध आजींनी मंडळाला एक कापडी बाहुली दिली होती. ती त्यांच्या मुलीची. मुलगी नऊ वर्षांची असताना गेली. गुलाबाईच्या दिवसांत तिने आईच्या जुन्या रेशमी लुगड्याचा तुकडा मागून त्या बाहुलीला स्वतः नऊवारी नेसवले होते. डाळिंबी रंग. पन्नासहून अधिक वर्षे आजींनी ती पेटीत जपली आणि मग विश्वासाने आपल्या हवाली केली. मी ती सगळ्यांना दिसावी म्हणून अगदी पुढे, खिडकीच्या बाजूला बसवली. दीड वर्षाने आजी वर्धापनदिनाला आल्या. कपाटासमोर उभ्या राहिल्या. बाहुलीची खिडकीकडची बाजू पिकल्या पानासारखी फिकी झाली होती. दुसरी बाजू डाळिंबीच. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी दार उघडायला सांगितले, बाहुली हातात घेतली, फिकी बाजू भिंतीकडे करून परत ठेवली, आणि मला म्हणाल्या, "असू दे माय." बस्स, एवढेच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. गेलेला रंग परत येत नाही. कोणत्याही उपायाने येत नाही. त्यानंतर मी जे वाचले, विचारले आणि करून पाहिले, ते आता आपल्यापुढे ठेवते.

प्रथम कपाटाची निवड. दुकानात जाण्यापूर्वी घरी टेबलावर कागद पसरून त्यावर सगळ्या वस्तू मांडाव्यात, हव्या त्या अंतराने, आणि मग मोजमाप घ्यावे. आपण उलट करतो: कपाट आणतो आणि मग वस्तू कोंबतो. लहान वस्तूला भोवती मोकळी जागा लागते. तांब्याला तांब्या लागला की दोन्ही दिसेनासे होतात. खोली फार नको. आपल्या कपाटाची खोली सव्वा फूट आहे, एवढी पुरते. त्याहून आत ठेवलेली बोटभर वस्तू कुणाच्या नजरेस पडत नाही. आणि उंची अशी हवी की मुख्य फळी उभ्या बाईच्या नजरेच्या थोडी खाली यावी. आपली मधली फळी जमिनीपासून सव्वाचार फुटांवर आहे. मुलांसाठी शेजारी पायरीचे स्टूल ठेवले आहे, ते कृपया कुणी फुले ठेवायला वापरू नये.

सांगाडा कशाचा असावा? लाकूड आपल्याला प्रिय; पण थोडेफार आम्ल सगळेच लाकूड सोडते, आणि प्लायवूड त्याहून अधिक. म्हणून या वेळी पावडर कोटिंग केलेल्या ॲल्युमिनियमचा सांगाडा घेतला. फटी बुजवायला मिस्त्री सिलिकॉन भरतो. त्यातल्या एका जातीला शिरक्यासारखा आंबट वास येतो. तो वास म्हणजेच आम्ल. वास नसलेली जात मागून घ्यावी. मग कपाट महिनाभर उघडे ठेवावे, आणि नाक आत घालून वास आला नाही तरच वस्तू मांडाव्यात. या एका महिन्याच्या उशिराबद्दल मला पुष्कळ बोलणी खावी लागली, हे आपणा सर्वांना आठवतच असेल!

काच पाच मिलिमीटरची, कडक केलेली घेतली. ती फुटलीच तर तिचे खडे होतात, सुऱ्यासारखे तुकडे होत नाहीत. पाच मिलिमीटर जाडीची तीन फूट बाय दोन फुटांची काच सुमारे ७ किलो भरते. तेव्हा बिजागऱ्या आणि खालचे पाय त्या मानाने हवेत. ॲक्रिलिक हलके आणि स्वस्त, पण त्यावर चरे लवकर पडतात आणि पुसले की ते धूळ ओढून घेते. आपल्या गावची धूळ त्याला पुरून उरेल.

पाठीला आरसा लावू नये. आरशात वस्तूंची पाठ दिसते खरी, पण त्याहून अधिक दिसतो बघणारीचा स्वतःचा चेहरा, आणि मग ती भातुकली सोडून केस सारखे करू लागते. आपण पाठीला फिक्या बदामी रंगाचे सुती कापड लावले आहे, दोनदा धुऊन खळ काढलेले. लोकरीचे कापड आणि रबर आत नको, कारण त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते.

एक गोष्ट प्रमाणाची. सगळ्या लहान वस्तू सारख्याच लहान नसतात. विलायतेत इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात एक बाहुलीघर बांधले गेले. ते आजही विंडसरच्या राजवाड्यात आहे. बांधणारे होते एडविन ल्यूटेन्स, ज्यांनी दिल्लीचे राष्ट्रपती भवन रचले, तेच. त्या घरात एक फुटाला एक इंच हे माप शेवटपर्यंत पाळले आहे. त्यात नळाला पाणी येते आणि विजेचे दिवे लागतात. आपल्या भातुकलीला असे एक माप नाही: बंब चार इंचांचा आणि जाते दोन इंचांचे. म्हणून पितळेची भातुकली वेगळ्या फळीवर आणि घर वेगळ्या फळीवर ठेवले. दोन्ही एकत्र मांडले तर घरातली बाई बंबात बुडेल एवढा तो मोठा दिसतो.

आता दिव्याकडे येते. उजेड मोजण्याचे माप आहे लक्स. भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. रेशीम, कागद आणि नाजूक रंग यांवर संग्रहालयांत साधारणपणे ५० लक्सच पडू देतात. लाकूड आणि लाखकाम यांना १५० ते २०० चालतात, आणि पितळेला व मातीला उजेडाचे फारसे भय नाही. पण केवळ उजेड किती हे पाहून भागत नाही, तो किती वेळ पडतो हेही पाहावे लागते. उजेडाने होणारी हानी पैशासारखी साठत जाते, फक्त ती खर्ची पडत नाही. ५० लक्स, रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस, यांचा गुणाकार होतो १,२०,०००. पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन भर उन्हाच्या निम्मे धरले, तरी अडीच तासांत तेवढाच उजेड पडतो. म्हणजे संग्रहालयात जी झीज बाहुलीला एका वर्षात झाली असती, ती माझ्या खिडकीने एका दुपारी केली. शिवाय उन्हातले अदृश्य जांभळ्यापलीकडचे किरण वेगळेच. आणि ती बाहुली तेथे दीड वर्ष बसली होती! हा हिशेब प्रथम मांडला तेव्हा माझ्या हातातली पेन्सिल थांबली.

म्हणून नवे कपाट आतल्या भिंतीशी आहे, खिडकीला पाठ करून नव्हे आणि खिडकीसमोरही नव्हे, तर बाजूला. समोर खिडकी असली की काचेत तीच दिसते. खिडकीला जाड पडदा आहे. तो दिवसा कुणी सारू नये.

दिवे एलईडीचे आहेत. त्यांच्या उजेडात ते अदृश्य किरण नसल्यासारखेच असतात आणि उष्णता समोर फेकली जात नाही. तरी पट्टीच्या पाठीमागे ऊब असतेच, म्हणून पट्टी ॲल्युमिनियमच्या खाचेत बसवली आहे, आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर कपाटाबाहेर खाली ठेवला आहे. तापणारी कोणतीही वस्तू आत नको. विकत घेताना खोक्यावर दोन आकडे पाहावेत. एक केल्विनचा: २७०० ते ३००० असला की उजेड उबदार, समईकडे झुकणारा, ६५०० असला की पितळ आजाऱ्यासारखे दिसते. दुसरा सी.आर.आय.चा: तो ९० च्या वर हवा, म्हणजे डाळिंबी रंग डाळिंबीच दिसतो, तपकिरी दिसत नाही.

दिवा कोठे बसवावा? अगदी डोक्यावर नको. माध्यान्हीच्या उन्हात माणसाचे डोळे खोबणीत गेल्यासारखे दिसतात, तसेच भातुकलीचे होते: परातीची कड चकाकते आणि घंगाळाच्या पोटात अंधार. दिवा वर, पण पुढच्या बाजूला, तिरपा असावा आणि पट्टीआड लपलेला असावा. उजेड दिसावा, दिवा दिसू नये. दोन्ही बाजूंनी सारखाच उजेड टाकला तर वस्तू सपाट दिसतात. म्हणून आपण डावीकडचा थोडा अधिक आणि उजवीकडचा थोडा कमी ठेवला आहे. त्यामुळे जात्याच्या खुंट्याची लहानशी सावली पडते आणि ते जाते खरेखुरे वाटते. फळ्या काचेच्या असल्या तरी वरच्या वस्तूंची सावली खाली येते, म्हणून प्रत्येक फळीला स्वतंत्र पट्टी आहे, आणि प्रत्येकीचा उजेड वेगळा. राणीच्या बाहुलीघराचा मोह मलाही आवरला नाही: चुलीत नारिंगी रंगाचा एक एवढासा दिवा बसवला आहे. मात्र बटनाएवढे सेल वापरले नाहीत. ते गळतात, आणि मुलाने गिळले तर जिवावर बेततात.

दिवा सतत जळत नाही. कळ दाबली की पाच मिनिटे लागतो आणि आपोआप मालवतो. पाहणारी कुणी नसेल तर उजेड कुणासाठी? आणि मंद वाटतो त्याचे कारण आपले डोळे. बाहेरच्या उन्हातून आत आलो की सगळेच अंधारे दिसते. दोन मिनिटे स्टुलावर बसा, पाणी प्या, मग पाहा. परातीवरची नक्षीसुद्धा दिसेल.

देखभालीचे थोडक्यात सांगते. पितळ चिंचेने दरमहा घासू नये. प्रत्येक घासण्यात थोडे पितळ जाते आणि अंगठ्याएवढ्या अडकित्त्यावरचा मोर दहा वर्षांत नाहीसा होतो. मऊ कोरड्या कुंच्याने धूळ झटकावी. डांबराच्या गोळ्या आत टाकू नयेत. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात आणि ओलावल्या की बदलाव्यात. कपाटाची किल्ली दोघींकडेच असावी. यात अविश्वास नाही. जबाबदारी वाटली की ती कुणाचीच राहत नाही.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आपल्या रोजच्या घरातले दिवे आणि अडकित्ते मानाने मांडलेले आहेत. शंकर यांनी दिल्लीत १९६५ साली उभारलेल्या बाहुल्यांच्या संग्रहालयात देशोदेशींच्या बाहुल्या काचेआड उभ्या आहेत. त्यांच्यापुढे आपले तीन फळ्यांचे कपाट ते काय? पण त्यांच्याजवळ आपल्या आजींची बाहुली नाही. तिला जपणारे जगात दुसरे कुणी नाही, फक्त आपण आहोत.

ती बाहुली आता फळीवर नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. कपाटाखाली एक खण आहे, त्यात धुतलेल्या मऊ सुती कापडात ती निजवलेली असते. वर्षातून एक महिना, भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, गुलाबाईच्या दिवसांत, ती मधल्या फळीवर येते. ५० लक्स, दिवसाला फार तर दोन तास, तीस दिवस: ३,०००. म्हणजे चाळीस वर्षांनी तिच्या अंगावर तेवढा उजेड पडलेला असेल, जेवढा संग्रहालयात एका वर्षात पडतो. तेव्हा मी नसेन. आज येथे मागच्या रांगेत कुजबुजणाऱ्या मुली असतील.

आजी आता थकल्या आहेत, जिना चढवत नाही. गेल्या कोजागिरीला चौघींनी त्यांना खुर्चीवरून वर आणले. मी कळ दाबली. बाहुली डाळिंबी बाजू पुढे करून बसवली होती. आजींनी बराच वेळ पाहिले, आणि मग स्वतः दार उघडून ती किंचित वळवली, दोन्ही बाजू दिसतील एवढी. "फिकी बाजूपण तिचीच ना," म्हणाल्या. तेव्हापासून ती तशीच बसते. कुणी सरळ करू नये ही विनंती.

तर भगिनींनो, खर्च कशाला केला आणि दिवा मंद का, याचे उत्तर मी माझ्या परीने दिले. आपला बराच वेळ घेतला, त्याबद्दल क्षमा असावी. चहा तयार आहे असे समजते. तो घेऊन दोघी-दोघींनी कपाटाकडे जावे, मात्र कप बाहेर ठेवून! एवढे बोलून मी आपली रजा घेते.